मदत हवी आहे : फक्त प्रोसेसर बदलावा की बोर्डासकट सगळे नवे घ्यावे?
नमस्कार. सोलापुरात चादरी-टॉवेलांच्या नक्षीची थ्रीडी चित्रे मी रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड आणि डीडीआर४ रॅम असलेल्या डेस्कटॉपवर करतो. बायॉस (बोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून याच बोर्डावर आठ कोअरचा रायझन ७ ५७००एक्स बसतो. एएम५ (रायझनच्या पुढच्या पिढ्यांचा सॉकेट) घ्यायचे ठरवले, तर त्यावर डीडीआर४ चालत नसल्याने बोर्ड आणि रॅमही नवी घ्यावी लागेल. माझे रेंडरिंग (अंतिम चित्र तयार करणे) ग्राफिक्स कार्डावरच होते, म्हणून फक्त प्रोसेसर बदलून वाचलेले पैसे १२ जीबीच्या आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्डामध्ये घालावेत, असे मला वाटते. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो (खोलीत एसी नाही), तेव्हा प्रोसेसरला पंख्याचा कूलर पुरेल की लिक्विड कूलर घ्यावा, आणि ६५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) पुरेसा होईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.