मदत हवी आहे: लाइट गेली, पोस्टग्रेस सावरलं, पण शेवटचं चलन गायब

मंडळी, उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे. बिलं, चलनं सगळं एका सॉफ्टवेअरवर, खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस. काल लाइट गेली, यूपीएसनंही हात टेकले. पीसी परत लावल्यावर लॉगमध्ये आलं: डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, रिकव्हरी सुरू. थोड्या वेळात सगळं जागच्या जागी. फक्त शेवटचं चलन नाही. ऑपरेटर म्हणतो, "सेव्ह झालं" असं स्क्रीनवर आलेलं, आणि तो उगीच काही बोलणारा माणूस नाही.

मला माहीत आहे ते असं: बदल आधी वॉलमध्ये (WAL, बदलांची नोंदवही) लिहिला जातो, टेबलाची पानं सवडीनं डिस्कवर जातात. क्रॅश झाला की शेवटच्या चेकपॉइंटपासून (तिथवरची पानं डिस्कवर पक्की गेलेली असतात) वॉल वाचून राहिलेले बदल पुन्हा लावले जातात. मग कमिट, म्हणजे पक्कं, झालेलं चलन गेलं कुठं?

एफसिंक (डेटा खरंच डिस्कवर उतरवायला लावणारं सेटिंग) ऑन आहे. सिंक्रोनस कमिट (वॉल डिस्कवर पोचल्यावरच 'झालं' म्हणणारं सेटिंग) मात्र ऑफ, सॉफ्टवेअरवाल्यानं 'फास्ट चालावं' म्हणून केलेलं. आता म्हणतोय एफसिंकही बंद करा, आणि वॉलचं फोल्डर लई फुगलंय, जुन्या फायली उडवा. करू का?

प्रतिसाद: काय ओ, अजिबात नको! त्या १६ एमबीच्या फायलींवरच तर काल डेटाबेस उभा राहिला. नको झालेल्या पोस्टग्रेस स्वतःच काढतं किंवा परत वापरतं. फोल्डर फुगत असेल तर अडकलेला रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरवरच्या नकलेसाठी वॉल राखून ठेवणारा) किंवा फेल होणारं आर्काइव्हिंग (वॉलच्या प्रती बाजूला साठवणं) बघा.

सिंक्रोनस कमिट ऑफ असलं की वॉल डिस्कवर पोचायच्या आधीच 'झालं' असं उत्तर येतं. डीफॉल्ट सेटिंगला हा धोका जास्तीत जास्त ६०० मिलिसेकंदांचा. तेवढ्यात वीज गेली तर व्यवहार हरवतो, पण अख्खा हरवतो. अर्धवट चलन राहत नाही. एफसिंक बंद करणं वेगळंच प्रकरण: तिथं डेटाच सडू शकतो, मग रिकव्हरीवर भरवसा कसला? सेव्ह आणि अंधार यात वेळ किती गेला?

धागाकर्ता: एंटर मारलं आणि लाइट गेलीच, असं ऑपरेटर म्हणतोय.

प्रतिसाद: मग जुळतंय. मिनिटभर आधीचं चलन गेलं असतं तर डिस्कच्या राइट कॅशवर (लिहायचा डेटा तात्पुरता धरणारी मेमरी) संशय घेतला असता. सिंक्रोनस कमिट ऑन करा, रिलोड पुरे, रीस्टार्ट नको. आणि यूपीएसची बॅटरी बदला.