शेततळ्यातले मासे पहाटे वर येऊन तोंड उघडतायत, पाण्यात कुणी काही टाकलं असेल का?

सांगोलेकर:
नमस्कार मंडळी. डाळिंबासाठी केलेल्या शेततळ्यात रोहू-कटला सोडलेत. या आठवड्यात पहाटे सगळे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, ऊन चढलं की खाली जातात. आज काही कटले मेले, सगळे मोठेच. आभाळ भरलंय, वारा पडलाय. पाणी हिरवंगार आहे, वास नाही. शेजारी म्हणतो कुणीतरी औषध टाकलं. तक्रार करू का?

भिगवणचा_दादा:
तक्रार जरा थांबवा. औषध टाकलं असतं तर बारकी पिल्लं, किडे, बेडूक सगळंच गेलं असतं, आणि तेही पहाटेचा मुहूर्त बघून नाही. आधी मोठे मासे आणि पहाटेच जातायत म्हणजे ऑक्सिजन संपतोय.

मासा तोंडानं पाणी घेतो आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतो. मेलेल्या कटल्याचं कल्ल्यावरचं झाकण उचलून बघा, आत केसासारख्या लाल झालरी दिसतील. त्यांच्यात रक्त पाण्याच्या उलट्या दिशेनं वाहतं, म्हणून पाण्यातला ऑक्सिजन ८० टक्क्यांपर्यंत ओढून घेता येतो. आपल्या फुप्फुसांना हे जमत नाही. पण मुळात पाण्यात असतं किती? लिटरभर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तर २५ अंशाच्या पाण्यात जेमतेम ८. पाणी तापलं की आणखी कमी.

आता तुमचं हिरवं पाणी. ते शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं, रात्री स्वतःच खातं. त्यामुळे सूर्य उगवायच्या आधी तळ्यात सगळ्यात कमी उरतो. त्यात आभाळ, म्हणजे दिवसाची कमाईही कमी. रोहू-कटल्याला ५ मिलिग्रॅम तरी हवा. ३ च्या खाली गेला की धडपड सुरू.

कोपरापर्यंत हात पाण्यात घाला. त्याआधीच तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ फार झालंय. शेण टाकताय का? टाकत असाल तर आजपासून बंद. खाद्यही दोन-तीन दिवस बंद ठेवा. रात्रीतून मोटर लावून तळ्याचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं तळ्यात पाडा. बोअरचं पाणी पाइप बुडवून सोडू नका, त्यात बहुतेक वेळा ऑक्सिजन फारच कमी असतो. वरून आपटत पडू द्या.

मळ्यातला_मी:
चुना मारा भाऊ, पाणी एका दिवसात निवळतं.

भिगवणचा_दादा:
मासे आत असताना? शेवाळामुळे दुपारी पाण्याचा सामू (pH) आधीच चढलेला असतो. चुन्यानं अजून चढवला की माशांच्याच घाणीतला अमोनिया जास्त विषारी होतो. आणि पाणी निवळलं म्हणजे शेवाळ मेलं, ते सडताना उरलासुरला ऑक्सिजनही जाणार. चुना तळं रिकामं असताना.

शिरोळकर:
आमच्याकडं पंचगंगेत तेरवाड बंधाऱ्यापाशी मासे असेच तडफडत्यात, लोक बुट्ट्या घेऊन धावत्यात. तिथं कुठं शेवाळ?

भिगवणचा_दादा:
तिथं काम जिवाणू करतात. सांडपाणी, मळीचं पाणी आलं की ते कुजवताना जिवाणू ऑक्सिजन संपवतात, आणि बंधाऱ्यात अडलेल्या तापल्या पाण्याला नवा मिळत नाही. तुमच्या लोकांना सांगा, ते मासे घरी नेऊ नका. त्या पाण्यात आणखी काय होतं कुणाला माहीत.

सांगोलेकर:
दादा, शेण टाकत होतो, बंद केलं. तळवा कोपराच्या बराच आधी गायब झाला. रात्रभर मोटर चालवली, आज पहाटे मोजकेच वर होते. एक विचारू? एक मरळ आहे तळ्यात, तिला काहीच कसं झालं नाही?

भिगवणचा_दादा:
मरळीला कल्ल्यांच्या वर डोक्यात पोकळी असते, तिथं ती सरळ हवा भरून घेते. तिला वर येऊच दिलं नाही तर चांगल्या पाण्यातही गुदमरेल. पण ती तळ्यात आली कुठून? जाळं टाकून आधी बाहेर काढा, नाहीतर पुढच्या वेळी सोडाल ती बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, तीच खाणार.