मदत हवी आहे: रंगवलेल्या प्लास्टिक मॉडेलला कुठला ग्लू लावू?

नमस्कार मंडळी, १/७२ स्केलचं मिग-२१ करतोय, १९७१ च्या युद्धातल्या आपल्या एअर फोर्सच्या एफएल या प्रकारासारखं, सगळं चंदेरी. चाकांच्या खोबणीत आणि मिसाइलमागे नंतर ब्रश जात नाही म्हणून सुटे भाग आधीच रंगवून ठेवलेत, आणि आता जोडताना गाडी अडलीये. टामिया कंपनीचा हिरव्या झाकणाचा एक्स्ट्रा थिन ग्लू आहे माझ्याकडे, कोऱ्या स्प्रूवर (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर) झकास धरतो, पण रंगवलेल्या भागाला लावला की रंगाचा नुसता चिखल आणि जरा ओढलं की भाग हातात. सुपरग्लू पटकन धरतो, पण एका भंगार कॅनॉपीवर (पायलटच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर) लावून बघितला तर सकाळी काच पांढरट धुरकट. रंगावरही चालेल असा काही ग्लू मिळतो का? कॅनॉपीला काय लावू?

प्रतिसाद:
ग्लू बदलून फरक पडणार नाही, आधी रंग खरवडा. एक्स्ट्रा थिन प्लास्टिक विरघळवतो, दोन्हीकडचं मऊ झालेलं पॉलिस्टायरिन (मॉडेलचं प्लास्टिक) एकजीव होतं आणि सॉल्व्हंट उडून गेलं की तो एकच तुकडा. मध्ये रंग असेल तर तुम्ही रंगाला रंग चिकटवताय, मग सुटणारच. ब्लेडने फक्त पिन आणि खाचेतला रंग काढा, बाहेरच्या चंदेरीला हात लावू नका. भाग कोरडे बसवून बघा, मग आतल्या बाजूने फटीला ब्रश नुसता टेकवा, ग्लू आपोआप आत ओढला जातो. बोट मात्र फटीपासून लांब! नाहीतर ग्लू बोटाखाली पसरतो आणि चंदेरीवर तुमचा ठसा कायमचा, सरकारी कागदावर अंगठा उठवल्यासारखा. पुढच्या वेळी रंगवायच्या आधीच पिनांना मास्किंग टेपची बारीक पट्टी लावून ठेवा, खरवडायची कटकटच नाही.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत. कॅनॉपीला साधा पांढरा फेविकॉल लावा, हसू नका, वाळला की पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या इअरबडने पुसता येतो. तिथे वजन नसतंच, रात्रभर ठेवलं की बास. सुपरग्लूची वाफ हवेतल्या ओलाव्यामुळे जमते, तोच तो पांढरा थर, त्यामुळे पावसाळ्यात काचेच्या आसपास तो नकोच. ड्रॉप टँक (जादा इंधनाची टाकी) आणि मिसाइलला चालेल, पण टूथपिकच्या टोकावर थेंबभरच. चाकांच्या दांड्यांना मात्र रंग खरवडून सिमेंटच (एक्स्ट्रा थिनसारखा प्लास्टिक विरघळवणारा ग्लू) लावा, ते हळू सेट होतं म्हणून तिन्ही चाकं टेकवून विमान सरळ उभं करायला वेळ मिळतो.

धागाकर्ता:
भारी, थँक्स दोघांना! आज खरवडायला बसतो. नाकापुढची ती लांब पिटो ट्यूब (वेग मोजायची नळी) आत्ताच लावू का?

प्रतिसाद:
छे, सगळ्यात शेवटी. तरी तुटतेच कुणाच्या तरी बाहीला अडकून, तेव्हा इंजेक्शनची बारीक सुई कापून लावा, पण धातूला सिमेंट धरत नाही, तिथे सुपरग्लूच.