मॅक्समुल्लर की मॅक्सम्युलर? आणि मुळात म्युलर म्हणजे काय?

पुण्यात मॅक्समुल्लर भवनात जर्मनच्या क्लासला जाणारी भाची परवा म्हणाली, "मामा, तुम्ही सगळे भवनाचं नाव चुकीचं घेता." मी जन्मभर 'मॅक्समुल्लर भवन' म्हणत आलोय, रिक्षावालेही तेच म्हणतात. इंग्रजी पाटीवर 'यू'च्या पुढे 'ई' आहे, म्हणजे 'म्युएलर' म्हणायचं का? आणि या आडनावाला काही अर्थ आहे का? आमच्या कट्ट्यावर एकाने थेट 'मुळे'शी नातं लावलं. ते मी ऐकून सोडून दिलं.

प्रतिसाद १

'म्युएलर' तर नक्कीच नाही. त्या 'ई'ला स्वतःचा उच्चार नाही. पूर्वी जर्मन लोक 'यू'च्या डोक्यावर बारीकसा 'ई' काढत. त्यांच्या हातलिखाणात 'ई' हे अक्षर दोन उभ्या रेघांसारखं दिसे. डोक्यावर त्या दोन रेघाच उरल्या आणि पुढे त्यांची दोन टिंबं झाली. टिंबं टाकायची सोय नसेल तर 'ई' डोक्यावरून उतरवून शेजारी लिहितात, पाटीवर तेच झालंय.

उच्चारासाठी ओठ 'उ' म्हणायला करतो तसे गोल करा आणि आतून 'इ' म्हणा. शेवटचा 'र' जवळजवळ ऐकूच येत नाही, 'अ'सारखा विरतो. देवनागरीत हे बसत नाही. 'म्युलर' त्यातल्या त्यात जवळ.

प्रतिसाद २

अर्थ अगदी साधा आहे : दळून देणारा, पाणचक्कीवाला. पण त्यामागची गोष्ट साधी नाही.

जर्मन लोकांकडे हातजात्याला आपला जुना शब्द होता, 'क्विर्न'. पाण्यावर फिरणारी चक्की रोमन लोकांकडून आली आणि येताना लॅटिन 'मोलिना' हा शब्द घेऊन आली. त्यावरून चक्की ती 'म्यूले', चक्कीवाला तो 'म्युलर'. यंत्र परक्याचं, म्हणून नावही परक्याचं. मागे पडलेल्या त्या 'क्विर्न'चं सख्खं भावंड संस्कृतात आहे : 'ग्रावन्', सोम कुटायचा दगड. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 94 वं सूक्त या दगडांनाच उद्देशून आहे. तोच ऋग्वेद सायणाचार्यांच्या भाष्यासह छापून काढला एका म्युलरने, म्हणजे ज्यांच्या नावाचं हे भवन आहे त्याच मॅक्स म्युलर यांनी, 1849 ते 1874 अशी पंचवीस वर्षं खपून, सहा खंडांत. मला हा योगायोग फार आवडतो.

आज जर्मनीत सगळ्यांत जास्त लोकांचं आडनाव हेच आहे. आपण 'सामान्य माणूस' म्हणतो तिथे ते 'लीसशेन म्युलर' म्हणतात. कारण उघड आहे, चक्कीशिवाय गाव नाही, आणि गावात चक्कीवाला बहुधा एकच. मध्ययुगात आडनावं रुळायला लागली तेव्हा 'तो चक्कीवाला हान्स' एवढी खूण पुरेशी होती.

मान मात्र फारसा नव्हता. दळणावळ धान्यातच कापून घेतली जायची, आणि पोत्यातून किती गेलं ते शेतकऱ्याला कसं कळणार? त्यातून पुष्कळ ठिकाणी जमीनदाराच्याच चक्कीवर दळायची सक्ती. त्यामुळे चक्कीवाला म्हणजे चोर, ही समजूत घट्ट. कारागिरांचे संघ त्यांच्या पोरांना दारात उभं करत नसत. अखेर 1548 मध्ये पवित्र रोमन साम्राज्याला (म्हणजे तेव्हाच्या जर्मन मुलखाच्या राज्याला) फर्मान काढून सांगावं लागलं की विणकर, न्हावी, मेंढपाळ, चक्कीवाले यांच्या मुलांना असं वगळू नका.

प्रतिसाद ३

मग आपल्याकडचे दळवी म्हणजे मराठी म्युलर की काय? 🙂

प्रतिसाद २ (पुन्हा)

नाही हो! 'दळवी'तलं दळ हे सैन्याचं, दळणाचं नव्हे. माझा अंदाज असा : आपल्याकडे जातं घरोघर होतं आणि पहाटे उठून दळायची ती घरातली बाई. जे काम प्रत्येक घरात होतं त्यावरून एकाच घराला वेगळं नाव कसं पडणार?

शेजारपाजारचे देश बघा. डचांत मुल्डर, डॅनिशात म्योलर, हंगेरीत मोल्नार, इटलीत मोलिनारी, फ्रान्सात म्यूनिए. सगळे चक्कीवालेच. खुद्द जर्मनीत शिकल्यासवरल्या म्युलरांनी लॅटिन करून 'मोलिटोर' लावलं. 1436 साली जन्मलेला खगोलशास्त्रज्ञ योहानेस म्युलर आज 'रेगिओमोंटानुस' म्हणूनच ओळखला जातो. जन्म केनिग्सबर्गजवळचा. केनिग्सबर्ग म्हणजे राजाचा डोंगर, त्याचं हे लॅटिन.

प्रतिसाद ४

आपल्या मॅक्ससाहेबांनीही तेच केलं की. जन्म देसाऊचा, 1823 चा. वडील विल्हेल्म म्युलर चांगले कवी, पण मुलगा चार वर्षांचा व्हायच्या आत गेले. गंमत अशी की 'म्युलर' फारच सरसकट म्हणून यांनी 'मॅक्स' हे स्वतःचं नाव आडनावालाच जोडून टाकलं. म्हणजे त्यांचं आडनावच 'मॅक्स म्युलर'. आपण 'मॅक्समुल्लर' एका दमात म्हणतो ते त्या अर्थाने बरोबरच आहे!

संस्कृतात ते स्वतःला 'मोक्षमूलर भट्ट' म्हणवत, देश 'शार्मण्य' आणि ऑक्सफर्डला 'गोतीर्थ'. ऑक्स म्हणजे बैल आणि फर्ड म्हणजे नदी पार करायचा उतार, त्यामुळे गोतीर्थ चपखल. पण 'मोक्षमूलर'मध्ये चक्कीचा मागमूस नाही, निव्वळ आवाजावरून जुळवलेलं नाव. अर्थाला धरून भाषांतर केलं असतं तर बिचारे 'पेषक भट्ट' झाले असते.

अवांतर : भारतात ते कधी आलेच नाहीत. टिळक राजद्रोहाच्या शिक्षेत होते तेव्हा त्यांच्या सुटकेच्या अर्जावर मात्र यांची सही होती. 1898 मध्ये टिळक मुदतीआधी सुटले.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. भाचीला दाखवलं. ती म्हणाली, ओठांचं जमेपर्यंत 'म्युलर' चालेल. रिक्षावाल्याला मी 'मुल्लर'च सांगणार आहे, नाहीतर तो पिठाच्या गिरणीवर नेऊन सोडायचा.