१३० मिमी दुर्बिणीसाठी पुढचा आयपीस कोणता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १३० मिमी व्यासाची, ६५० मिमी नाभीय अंतराची न्यूटोनियन (आरशांची) दुर्बीण आहे. सोबत २५ आणि १० मिमीचे आयपीस (डोळा लावायची भिंगं) मिळाले, म्हणजे चित्र २६ पट आणि ६५ पट मोठं.

२५ मिमीमधून कृत्तिका पाहिल्या की हरखून जायला होतं. शनी मात्र १० मिमीमधूनही एवढासाच दिसतो. कडी वेगळी कळते, पण कड्यांमधली काळी कॅसिनीची फट काही केल्या दिसत नाही.

आता ६ मिमीचा आयपीस घेऊ (१०८ पट), की २ पटीचा बार्लो (आयपीसची पट वाढवणारं जोडभिंग) घेऊन १० मिमीलाच १३० पटीपर्यंत नेऊ? बार्लो लावला की २५ मिमीचाही साडेबारा मिमीसारखा होतो, म्हणून मन तिकडे झुकतंय.

खरी अडचण चष्म्याची. मला दंडगोल (सिलिंड्रिकल) नंबर आहे. १० मिमीला डोळा इतका जवळ न्यावा लागतो की चष्म्याची काच आयपीसला घासते आणि चित्राच्या कडा कापल्या जातात. ६ मिमीच्या साध्या प्लॉसल प्रकारच्या आयपीसला तर आय रिलीफ (पूर्ण चित्र दिसताना डोळा भिंगापासून जितका लांब ठेवता येतो ते अंतर) आणखी कमी. चष्मेवाल्यांनो, तुम्ही काय वापरता? जास्त पटीला चष्मा काढून चालतं का?

आणि कोलिमेशन कॅप (दुर्बिणीचे आरसे जुळवायला वापरतात ती टोपी) आधी घ्यावी का? आरसेच जुळलेले नसतील तर नवा आयपीस घेऊन काय उपयोग, असं मला वाटतं. मून फिल्टर सध्या नको.