मदत हवी आहे: पाणबुडीच्या मॉडेलमागे रंगाचा नुसता ढग दिसतोय

निळाई: वॉटर चॅनेलमध्ये, म्हणजे वाहत्या पाण्याच्या टाकीत, पाणबुडीचं थ्री-डी प्रिंट केलेलं मॉडेल लावलंय. प्रवाह दिसावा म्हणून पोटॅशियम परमँगनेटचा जांभळा रंग सोडतेय, पण शेपटीमागे भोवरे दिसतच नाहीत, सगळा जांभळा ढग. परवा गाइडना व्हिडिओ दाखवायचाय. काय बदलू? लवकर सांगा प्लीज.

तळठाव: वेग किती? मॉडेल केवढं? रंग कुठून सोडताय?

निळाई: सेकंदाला २० सेंमी. लांबी ३० सेंमी. रंग पुढच्या नळीतून, नेहमीसारखाच.

जुना_प्रयोगी: म्हणजे रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती खळबळता आहे ते सांगणारा आकडा) ६०,०००च्या आसपास, रंग लगेच मिसळणारच. रंगाचा नाद सोडा, हायड्रोजनचे बुडबुडे करा. ५० मायक्रॉनची प्लॅटिनमची तार, तिला ऋण टोक, पाण्यात थोडं सोडियम सल्फेट. करंट थांबवत थांबवत दिला की बुडबुड्यांच्या ओळी सुटतात, वेगही मोजता येतो. आम्ही सगळं त्यावरच केलं.

मेशवाला: परवापर्यंत प्लॅटिनम कुठून आणणार त्या? ओपनफोमवर प्रवाहाचं कॉम्प्युटर सिम्युलेशन चालवा, पॅराव्ह्यूमध्ये चित्र काढताना क्यू-क्रायटेरियन (भोवरे ओळखायचा निकष) लावा, भोवरे लख्ख दिसतील.

जुना_प्रयोगी: के-ओमेगासारख्या साध्या, सरासरी काढणाऱ्या मॉडेलवर? त्यात बारीक भोवरे सरासरीतच पुसले जातात. मोठे भोवरे थेट सोडवणारं एलईएस काय लॅपटॉपवर दोन दिवसांत होतं?

मत्स्यप्रेमी: परमँगनेट जपून हो! माशांच्या टाकीत प्रमाण चुकलं तर कल्ल्यांना इजा होते.

निळाई: टाकीत मासे नाहीत. कुणीतरी रंगाबद्दल बोला ना.

तळठाव: मॉडेल धरलंय कशाने?

निळाई: वरून गोल रॉड, १ सेंमीचा. त्याचा काय संबंध?

तळठाव: तोच तर. गोल रॉडमागे भोवरे आळीपाळीने सुटतात, तेच तुमचा रंग ढवळत असतील. स्ट्राउहाल अंक (भोवरे सुटण्याचा वेग काढायचा आकडा) ०.२ धरला तर तुमच्या वेगाला सेकंदाला ४ हेलकावे. व्हिडिओ हळू करून ढगाचे हेलकावे मोजा. रॉडवर पंखाच्या छेदासारखं निमुळतं आवरण चढवा, नाहीतर मॉडेल बारीक तारांनी ताणून धरा. रंग पुढून नको. शेपटी जिथे निमुळती होऊ लागते तिथे मॉडेललाच छिद्र पाडून हळूहळू झिरपू द्या, जोर लावला तर रंगाचीच धार दिसेल. आणि ढग दिसतो कारण कॅमेरा पाण्याची सगळी जाडी एकदम बघतो. अंधारात लेझरचा पातळ पडदा टाका, फ्लुरोसीन हा प्रकाशात चमकणारा रंग वापरा, म्हणजे एकच छेद उजळतो.

जुना_प्रयोगी: रॉडचं पटलं. तरी बुडबुडेच बरे.

निळाई: मोजले, सेकंदाला चारच! फ्लुरोसीन लॅबमध्ये आहे. लेझर हिरवा आहे, काचेच्या कांडीतून पसरवला तर चालेल?

तळठाव: कांडी चालेल. पण फ्लुरोसीनला निळा प्रकाश लागतो. हिरवाच असेल तर ऱ्होडामाइन मागा, तो रंग हिरव्या प्रकाशात चमकतो, आणि हातमोजे, लेझरचा चष्मा घातल्याशिवाय सुरू करू नका.