फर्स्ट इयरचं रजिस्ट्रेशन आणि ओरिएंटेशन: तुमचे अनुभव सांगा, आम्हाला यंदा नीट करायचंय

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका कॉलेजच्या विद्यार्थी विभागात काम करते. यंदा फर्स्ट इयरच्या रजिस्ट्रेशनचे तीन दिवस आणि त्यानंतरचं ओरिएंटेशन ठरवायचं काम माझ्याकडे आणि दोन सहकाऱ्यांकडे आलंय. मागच्या वर्षीचं वेळापत्रकच तारखा बदलून पुढे ढकलायचं असं सगळ्यांचं म्हणणं आहे, पण मला ते नकोय आणि त्याचं कारण सांगते.

मागच्या वर्षी नंदुरबारकडचा एक मुलगा आला होता, एकटाच. रात्रभर एसटीने प्रवास करून पहाटे पाचला वाकडेवाडीला उतरला, साडेपाचला आमच्या गेटवर. गेट उघडलं नऊला. त्याचा नंबर आला दुपारी तीन चाळीसला, आणि खिडकीवर मीच बसले होते. फाईल उघडली, नॉन क्रिमीलेयर (ओबीसीसारख्या आरक्षणासाठी लागणारं, उत्पन्नावर मिळणारं प्रमाणपत्र) मार्चअखेर संपलेलं. मी म्हटलं, बाळा हे चालणार नाही, नवीन काढून आण. तो फक्त "बरं मॅडम" म्हणाला, सगळे कागद एकेक करून परत प्लास्टिकच्या पिशवीत घातले, पिशवीला रबर लावलं आणि गेला. जी गोष्ट त्याला सकाळी गेटवर दोन मिनिटात कळली असती, किंवा आठ दिवस आधी फोनवर, ती आम्ही त्याला दहा तास उभं करून सांगितली. ते रबर लावतानाचे हात मला अजून दिसतात.

म्हणून हा धागा. तुम्ही विद्यार्थी म्हणून, पालक म्हणून, क्लार्क, शिक्षक, वॉलंटियर म्हणून जे बघितलंय ते लिहा. काय चुकलं तेही आणि काय चांगलं होतं तेही. कॉलेजचं नाव नको.

* * *

मी 31 वर्षं ऑफिसात काढली, शेवटची नऊ वर्षं हेडक्लार्क म्हणून, आता रिटायर आहे. ताई, तुमचं दुखणं गणिताचं आहे आणि ते गणित कुणी मांडत नाही. एका मुलाचे कागद नीट तपासायला, नोंद करायला, पावती द्यायला बारा मिनिटं लागतात, घड्याळ लावून बघितलंय. पाच टेबलं असली तर तासाला 25 मुलं, सहा तासांचं काम धरलं तर दिवसाला 150. आमच्याकडे एका वर्षी एका दिवशी 420 मुलं बोलावली होती, सगळ्यांना मेसेज एकच, सकाळी दहा वाजता हजर राहणे. मग काय होणार? दुपारी जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद झाली की मुलं जागा सोडत नाहीत, पाणी प्यायला जात नाहीत, एक मुलगी चक्कर येऊन पडली तेव्हा कुठे प्राचार्य खाली आले.

पुढच्या वर्षी आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, वेळा वाटून दिल्या, लांबच्या जिल्ह्यातल्या मुलांना दुपारी बाराच्या पुढची वेळ आणि पुणे-पिंपरीवाल्यांना सकाळची. दोन, टोकनच्या आधी तपासणीचं टेबल. खिडकीवर जायच्या आधीच एक अनुभवी माणूस फाईल चाळतो आणि तिथेच सांगतो काय कमी आहे. त्या टेबलावर नवीन पोरगं बसवू नका, ऑफिसातला सगळ्यात जाणता माणूस बसवा, ज्याला जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी (म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र), डोमिसाईल आणि नॅशनॅलिटी, उत्पन्नाचा दाखला आणि क्रिमीलेयर यातला फरक न बघता कळतो. आणि त्याला "नाही चालणार" एवढंच सांगायची मुभा नको, "हे इथून मिळेल, एवढ्या दिवसात आणा, तोवर हमीपत्र लिहून द्या" हे सांगता आलं पाहिजे.

अजून एक, ओरिजनल कागद बघून लगेच हातात परत द्या. एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, तेवढी राहते. युजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2018 मध्येच सांगितलंय की मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायची नाहीत, तरी काही ठिकाणी गठ्ठे कपाटात जातात आणि मग महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपचा ऑनलाईन फॉर्म भरायच्या वेळी पोरं कपाटामागे फिरतात.

* * *

मी अंबाजोगाईची, मुलीला घेऊन आले होते दोन वर्षांपूर्वी. कॉलेज चांगलं आहे, आता काही तक्रार नाही, पण तो दिवस सांगते. फी ऑनलाईनच घेणार असं आदल्या दिवशी संध्याकाळी कळलं. आमच्या ह्यांनी डीडी काढून आणला होता, तो चालेना. मग तिथेच भाच्याने फोनवर युपीआय सुरू करून दिलं तर नवीन असल्यामुळे पहिले चोवीस तास पाच हजाराच्या वर पैसे जाईनात. पैसे खात्यात आहेत आणि भरता येत नाहीत. हे रस्त्यावर उभे राहून गावाकडच्या बँकेतल्या ओळखीच्या माणसाला फोन लावतायत, वरून पाऊस, आणि पालकांना आत सोडत नव्हते. गेटबाहेर स्कूटरी लावतात तिथे आम्ही पंधरा-वीस आईबाप छत्र्या घेऊन उभे, कुणालाच आत काय चाललंय ते माहीत नाही. शेवटी एका पुण्याच्याच बाईंनी, ज्यांची ओळख ना पाळख, त्यांच्या कार्डवरून फी भरली आणि ह्यांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या खात्यात टाकले.

मला एवढंच म्हणायचंय, फी कशी घेणार ते आठ दिवस आधी सांगा. आणि पालकांसाठी एक खोली द्या, पंखा आणि खुर्च्या. कुणीतरी अर्धा तास येऊन होस्टेल, मेस, स्कॉलरशिप, अडचण आली तर कुणाला फोन करायचा एवढं सांगा. आपली मुलगी कुठे सोडून चाललोय हे कळलं की माणूस निवांत मनाने गाडीत बसतो.

* * *

मी एनएसएसची वॉलंटियर होते मागच्या वर्षी, सध्या टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला कॅप, टीशर्ट दिले आणि उभं केलं, पण कुठलं टेबल कशाचं हे आम्हालाच दहाला कळलं. मुलं आम्हाला विचारणार आणि आम्ही एकमेकींना विचारणार. वॉलंटियरची मीटिंग आदल्या दिवशी घ्या प्लीज, आणि प्रत्येकाला एक कागद द्या ज्यावर खोली नंबर, टॉयलेट कुठे, झेरॉक्स कुठे, एवढं लिहिलेलं असेल.

माझं काम होतं एबीसी आयडी काढून द्यायचं, म्हणजे ज्या खात्यात मुलाचे क्रेडिट जमा होतात त्याचा नंबर. त्यासाठी डिजिलॉकर (सरकारी कागदपत्रांचं ॲप) उघडायचं, आधार टाकायचं, ओटीपी येतो तो टाकायचा, बारा आकडी नंबर मिळतो. ऐकायला सोपं. पण आधारला मोबाईल वडिलांचा लिंक असतो आणि वडील गावाला. एक मुलगा होता, त्याने वडिलांना फोन लावला, ते शेतात फवारणी करत होते, त्यांना मेसेज उघडता येईना. मग त्यांनी शेजारच्या रानातल्या एका मुलाला हाक मारली, तो बांधावरून येईपर्यंत ओटीपीची वेळ संपली. परत पाठवला. तिसऱ्या वेळी त्या मुलाने एकेक आकडा वाचून दाखवला आणि आम्ही इकडे टाकला, आणि मग नाव जुळेना, कारण मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, स्पेलिंगपण वेगळं. पाऊण तास गेला. तो मुलगा मला सारखा सॉरी म्हणत होता आणि त्याची काय चूक?

हे काम रजिस्ट्रेशनच्या दिवशी नकोच. अँटी रॅगिंगचं ऑनलाईन अंडरटेकिंग पण तसंच, त्यात विद्यार्थी आणि पालक दोघांची माहिती लागते, ईमेल लागतो, कित्येक पालकांना ईमेल नसतो. हे सगळं प्रवेश झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यात कॉम्प्युटर लॅबमध्ये वर्गावार घ्या, आणि घरी काय विचारून यायचं ते आधी सांगा. रॅगिंगची 1800-180-5522 ही हेल्पलाईन मात्र पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून घ्या, आम्ही घेतली होती.

* * *

व्हीलचेअरवरच्या मुलाची आई आहे. ओरिएंटेशन दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होतं, लिफ्ट बंद. चार मुलांनी उचलून नेलं, मनापासून नेलं, पण माझा मुलगा तेव्हापासून कॉलेजच्या कुठल्या कार्यक्रमाला गेला नाही. कार्यक्रम खाली ठेवता आला असता. प्रवेश अर्जात दिव्यांग म्हणून लिहिलेलं होतं, ते कुणीतरी आधी बघायला हवं होतं.

* * *

शिकवतो, कॉमर्सला. ओरिएंटेशनबद्दल लिहितो कारण रजिस्ट्रेशनवर बरंच आलंय.

2024-25 पासून संलग्न कॉलेजांमध्ये नवीन शैक्षणिक धोरण आलं आणि पहिल्याच फॉर्मवर मुलांना मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला विषय), व्हीएससी, एसईसी, एईसी (कौशल्याचे आणि भाषेचे विषय) असे रकाने भरायला लागले. आम्ही काय केलं, फॉर्म भरून घेतला रजिस्ट्रेशनच्या दिवशी आणि समजावून सांगितलं पाच दिवसांनी ओरिएंटेशनला. म्हणजे आधी निवड आणि मग माहिती. रांगेत पुढच्याने जे लिहिलं तेच मागच्याने लिहिलं, एका तुकडीत ओळीने चाळीस जणांचं ओपन इलेक्टिव्ह एकच. नंतर बदलायला गर्दी, आणि तोवर वेळापत्रक लागलेलं.

दुसरं, भाषणं. मी स्वतः एका वर्षी मोजली, संचालकांपासून जिमखान्यापर्यंत चौदा जण बोलले, सगळं इंग्रजीत, आणि समोर निम्मी मुलं मराठी माध्यमातली, बारावीपर्यंत तालुक्याला शिकलेली. हॉलमध्ये शांतता होती ती शिस्तीची नव्हती, कळत नव्हतं म्हणून होती. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) इंजिनिअरिंगसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्रॅम ठरवला, युजीसीचं दीक्षारंभ, म्हणजे नवीन मुलांच्या स्वागत-ओळखीच्या कार्यक्रमाची मार्गदर्शिका, 2019 मध्ये आलं, त्यात छोटे गट, गटामागे एक शिक्षक आणि वरच्या वर्गातला एक विद्यार्थी असं सुचवलंय. बीकॉम-बीएला तीन आठवडे कुणी देत नाही हे मलाही माहितीये. पण वीस-वीस मुलांचे गट करायला पैसे लागत नाहीत. आम्ही गेल्या वर्षी भाषणं तीनवर आणली, बाकी वेळ गटात, मराठीत. माझ्या गटात मी मुलांना एवढंच विचारलं की तुला आत्ता कशाची भीती वाटते ते चिठ्ठीवर लिही, नाव नको. वीसपैकी अकरा चिठ्ठ्यांवर इंग्रजी होतं. चार जणांनी जेवणाचा खर्च लिहिला होता. त्या दिवशी "कमवा आणि शिका" योजनेची (कॉलेजातच काम करून थोडे पैसे मिळवायचे) माहिती मी ठरलेल्या पाच मिनिटांऐवजी पाऊण तास दिली, कुठे अर्ज करायचा, काम काय असतं, लाज वाटायचं कारण नाही, सगळं.

* * *

तारखा ठरवताना पालखी बघा!! बीए-बीकॉमचे प्रवेश जूनमध्येच चालू होतात आणि ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामी असतात, नाना पेठ-भवानी पेठेत. येण्याच्या दिवशी वाकडेवाडी, फर्ग्युसन रोड, लक्ष्मी रोड सगळं बंद, बस वळवलेल्या. आमचं व्हेरिफिकेशन त्याच दिवशी होतं, मी स्वारगेटवरून चालत गेले. तारीख कॅलेंडरवर छापलेली असते, कुणीतरी बघायची फक्त.

* * *

मी कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, शेवटच्या राऊंडला आलो. ओरिएंटेशन तीन आठवडे आधी होऊन गेलेलं, वर्गाचा ग्रुप झालेला, मित्र झालेले. मला पहिले दहा दिवस लायब्ररीचं कार्ड निघतं हेच माहीत नव्हतं, मी बाहेर बसून वाचायचो. अप्पा बळवंत चौकातून सातशेची पुस्तकं आणली, नंतर कळलं की लायब्ररीत बुक बँक आहे आणि अख्खा सेट मिळतो. कुणी मुद्दाम केलं नाही, पण उशिरा आलेल्यांसाठी तोच कार्यक्रम छोटा करून परत घ्यावा असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. शेवटच्या राऊंडला आलेली मुलं बरेचदा लांबचीच असतात, त्यांना रूमपण मिळालेली नसते. मी पहिले चार दिवस सदाशिव पेठेत एका मित्राच्या कॉटवर अर्धा-अर्धा झोपत होतो आणि बॅग घेऊन लेक्चरला बसायचो. बॅग ठेवायला एक कुलूपवाली खोली असती तरी खूप झालं असतं.

* * *

धागा सुरू करणारी मीच. सगळ्यांचे खूप आभार, सगळं प्रिंट काढून मीटिंगला नेलं आणि वाचून दाखवलं. व्हीलचेअरबद्दल वाचलं तेव्हा सर स्वतः उठून हॉलचा मजला बघायला गेले. मान्य झालं ते असं: कागदांची यादी मराठीत, प्रत्येक कागदाची मुदत कधी संपते त्यासकट, दहा दिवस आधी व्हॉट्सॲपवर, आणि ज्यांचा अर्ज आलाय त्या प्रत्येकाला एक फोन. तपासणीचं टेबल गेटच्या आत लगेच. एबीसी आणि अंडरटेकिंग नंतर. विषयांची माहिती फॉर्मच्या आधी. ओरिएंटेशन तळमजल्यावर, आणि शेवटच्या राऊंडनंतर परत एकदा. डीडीचं मात्र जमत नाहीये, अकाउंट सेक्शन ऐकत नाही, अजून प्रयत्न करतेय.

आणि पहाटे साडेपाचला गेट उघडून खालचा हॉल आणि बाथरूम मोकळी ठेवायची, चहा कॅन्टीनवाले काका देणार आहेत.

* * *

हेडक्लार्क लिहितोय परत. ताई, हॉलची किल्ली आदल्या रात्रीच वॉचमनच्या हातात द्या आणि रात्रपाळीला कोण आहे त्याचा नंबर घेऊन ठेवा. आमच्याकडे एकदा सगळं ठरलेलं होतं आणि किल्ली शिपायाच्या खिशात लोणी काळभोरला होती.